पृथ्वी बदलली, की उपग्रहाची नजर?

एकाच जंगलाची उपग्रहाने टिपलेली दोन चित्रं समोर आहेत असं धरा. एक १९८५ सालचं, दुसरं २०१० सालचं. ऋतू तोच, सूर्याचा कोनही जवळपास तोच. दुसऱ्या चित्रात जवळच्या अवरक्त पट्ट्यातले आकडे सरसकट पाच टक्क्यांनी कमी भरतात. हिरवी पानं नेमका हाच प्रकाश भरपूर परावर्तित करतात, त्यामुळे जंगल विरळ झालं असणार असंच पहिल्यांदा वाटतं. पण त्या दिवशी हवेत धूर किंवा धूळ जास्त असू शकते. तिसरी शक्यता अशी, की जंगलाला काहीच झालेलं नाही आणि पंचवीस वर्षं अवकाशात फिरून उपकरणच पाच टक्क्यांनी मंद झालं आहे.

हवेतला फरक दिवसागणिक कमी-जास्त होतो. अनेक चित्रं एकत्र पाहिली की तो ओळखता येतो. उपकरणाचा मंदपणा मात्र संथपणे, एकाच दिशेने आणि जगभर सारखाच वाढतो. म्हणजे आपण ज्या प्रकारच्या बदलाचा शोध घेत असतो, हुबेहूब त्याच प्रकारचा दिसतो. म्हणूनच तो सगळ्यात धोकादायक. उपकरणाची नजर किती बदलली हे मोजून चित्रातून तेवढं वजा करण्याच्या कामाला रेडिओमेट्रिक कॅलिब्रेशन म्हणतात. उपग्रहाच्या बातम्यांमध्ये याचा उल्लेख क्वचितच येतो, पण जंगलं, समुद्र, बर्फ किंवा तापमान यांच्याबद्दलचं उपग्रहांवरून काढलेलं प्रत्येक दीर्घकालीन विधान याच कामावर उभं असतं.

आकड्यामागे काय असतं

जमिनीवरून परतलेला प्रकाश दुर्बिणीत शिरतो, आरशांवरून फिरतो, ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश सोडणाऱ्या फिल्टरमधून जातो आणि डिटेक्टरवर पडतो. तिथे त्याचे इलेक्ट्रॉन होतात, इलेक्ट्रॉनांचा व्होल्टेज होतो आणि व्होल्टेजचा पूर्णांक. लँडसॅट ८ या उपग्रहावरचं उपकरण प्रकाशाची तीव्रता ० ते ४०९५ अशा आकड्यांत नोंदवतं. एखाद्या पिक्सेलचा आकडा १८०० आला, तर त्यावरून इतकंच कळतं की शेजारच्या १६०० पेक्षा तिथे जास्त उजेड आहे. एका चौरस मीटरमधून, एका दिशेने, एका रंगपट्ट्यात नेमकी किती वॅट ऊर्जा येते आहे, हे त्या १८०० मध्ये लिहिलेलं नसतं.

वजनकाट्याचंही असंच असतं. वर काही ठेवलेलं नसताना काटा शून्यावर आहे का, हे आधी पाहावं लागतं. मग माहीत असलेलं एक किलोचं माप ठेवून काटा किती सरकतो ते पाहायचं. उपग्रहाच्या उपकरणालाही हेच दोन प्रश्न विचारावे लागतात: पूर्ण अंधारात तू कोणता आकडा दाखवतोस, आणि ठरावीक उजेडाला तुझा आकडा कितीने वाढतो?

पहिला प्रश्न तुलनेने सोपा आहे. झडप बंद करा, रात्रीच्या समुद्राकडे पाहा किंवा रिकाम्या अवकाशाकडे नजर वळवा, अंधार मिळतो. खरी अडचण दुसऱ्या प्रश्नाची आहे, कारण त्यासाठी ज्याची तीव्रता आधीच पक्की ठाऊक आहे असा प्रकाश लागतो. पृथ्वीपासून सातशे किलोमीटर उंचीवर, जिथे दुरुस्तीला कोणी जाऊ शकत नाही, तिथे असा प्रकाश आणायचा कुठून? या क्षेत्रातली जवळजवळ सगळी कल्पकता या एका प्रश्नावर खर्च झालेली आहे.

त्यात आणखी एक गुंता. लँडसॅट ८ वर प्रत्येक रंगपट्ट्यासाठी जवळपास सात हजार डिटेक्टर ओळीने बसवलेले आहेत. प्रत्येकाचा स्वभाव किंचित वेगळा, म्हणून प्रत्येकाचं माप वेगळं काढावं लागतं, नाहीतर चित्रावर उभ्या रेघा उमटतात. यासाठी एक सुंदर युक्ती वापरतात. उपग्रह स्वतःभोवती नव्वद अंशांत वळवतात, म्हणजे डिटेक्टरांची आडवी रांग प्रवासाच्या दिशेत येते. मग जमिनीचा तोच तुकडा एकामागून एक सगळ्या डिटेक्टरांसमोरून सरकतो. सगळ्यांनी एकच गोष्ट पाहिलेली असल्यामुळे त्यांच्या आकड्यांतला फरक हा निव्वळ त्यांचा स्वतःचा फरक ठरतो.

उड्डाणाआधी

प्रयोगशाळेत उपकरणासमोर एक मोठा पोकळ गोल ठेवतात. त्याला आतून पांढराशुभ्र लेप दिलेला असतो आणि आत दिवे असतात. प्रकाश आतल्या भिंतींवर असंख्य वेळा आदळतो आणि गोलाच्या तोंडातून सगळीकडे अगदी एकसारखा बाहेर पडतो. त्या प्रकाशाची तीव्रता अमेरिकेतल्या एनआयएसटी किंवा ब्रिटनमधल्या एनपीएलसारख्या राष्ट्रीय मापनसंस्थेच्या मानकांशी ताडून पाहिलेली असते. या साखळीच्या मुळाशी क्रायोजेनिक रेडिओमीटर असतो. निरपेक्ष शून्याच्या जवळपास थंड केलेल्या एका काळ्या पोकळीत प्रकाश सोडतात, ती किती तापते ते पाहतात, आणि मग विजेने तेवढीच तापवायला किती वॅट लागतात ते मोजतात. प्रकाशाचं माप अशा रीतीने विजेच्या मापाशी बांधलं जातं.

उष्णता पाहणाऱ्या उपकरणांसाठी गोलाऐवजी कृष्णिका, म्हणजे पडलेलं जवळजवळ सगळं प्रारण शोषून घेणारी काळी वस्तू, वापरतात. कृष्णिकेचं तापमान कळलं की ती कोणत्या तरंगलांबीला किती प्रारण सोडेल हे प्लांकच्या नियमाने थेट काढता येतं.

या सगळ्याला महिनोन्महिने लागतात. पण प्रक्षेपणात उपकरण हादरे खातं. अवकाशात गेल्यावर त्याच्या प्लास्टिकमधून आणि चिकटद्रव्यांतून वाफा निघून आरशांवर बसतात, अतिनील किरण त्या थरांना काळपट करतात. २०११ साली सोडलेल्या सुओमी एनपीपी उपग्रहावरच्या व्हीआयआयआरएस उपकरणाच्या आरशांवर टंगस्टन ऑक्साइडचा अंश राहिला होता. अतिनील प्रकाशात तो गडद होत गेला आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यांतली संवेदनशीलता घसरू लागली. प्रयोगशाळेतलं प्रमाणपत्र बरोबरच होतं, पण ज्या आरशांचं ते होतं ते आरसेच आता तसे उरले नव्हते.

लँडसॅट ५ ची सत्तावीस वर्षं

कॅलिब्रेशन किती चिवट काम आहे हे समजून घ्यायचं असेल, तर मी लँडसॅट ५ चं उदाहरण घेईन. १ मार्च १९८४ रोजी तो सुटला. तीन वर्षं चालेल अशा बेताने बांधला होता, पण त्यावरचं थीमॅटिक मॅपर हे उपकरण २०११ पर्यंत चित्रं पाठवत राहिलं. इतका लांब, सलग पुरावा दुसऱ्या फारशा उपकरणांनी दिलेला नाही.

त्याच्या आत कॅलिब्रेशनसाठी तीन छोटे दिवे होते. जमिनीवरून नजर फिरवण्याच्या प्रत्येक फेरीच्या शेवटी एक पाती डिटेक्टरांसमोरून फिरायची आणि दिव्यांचा उजेड त्यांच्यावर टाकायची. दिव्याला डिटेक्टरने दिलेला आकडा घसरला, तर उपकरण मंदावलं, असं हे सरळ गणित होतं. पण दिव्यांचा उजेड दुर्बिणीच्या मुख्य आरशांवरून जातच नव्हता. आरसे मळले तरी दिव्यांना ते कळायची सोय नव्हती. शिवाय दिवेही वर्षानुवर्षं बदलत होते, आणि तिघांचं वागणं सारखं नव्हतं. जो साक्षीदार म्हणून नेमला होता, त्याचीच उलटतपासणी घ्यायची वेळ आली.

दुसरा घोटाळा बर्फाचा. लघुलहर अवरक्त पट्ट्यांचे डिटेक्टर अतिशय थंड ठेवावे लागतात. उपग्रहातूनच सुटलेल्या पाण्याच्या वाफेचा पातळ थर त्यांच्या थंड खिडकीवर गोठत असे. थर जाड होत गेला की प्रकाशलहरींचं व्यतिकरण, म्हणजे लहरींनी एकमेकींत मिसळून उजेड वाढवणं किंवा घटवणं, बदलायचं, त्यामुळे संवेदनशीलता एका दिशेने घसरण्याऐवजी लाटेसारखी खाली-वर व्हायची. अधूनमधून तो भाग गरम करून बर्फ घालवावा लागे. आलेखावर ही लाट इतकी नेमकी उमटते की बर्फाचा थर कसा वाढत गेला हे तिच्यावरून वाचता येतं.

१५ एप्रिल १९९९ रोजी लँडसॅट ७ सुटला. त्याचं कॅलिब्रेशन जास्त भरवशाचं होतं. त्या जूनमध्ये, आपल्या ठरलेल्या कक्षेत जाण्याआधी, त्याला काही दिवस लँडसॅट ५ च्या वाटेवरून नेलं. दोघांनी तीच जमीन थोड्याच मिनिटांच्या अंतराने पाहिली. सूर्य तोच, हवा तीच. त्यामुळे नव्या उपकरणाचं माप जुन्याला देता आलं. त्या आधारावर २००३ मध्ये लँडसॅट ५ च्या सगळ्या आयुष्याचा नवा हिशेब लावला गेला.

तरीही काम संपलं नाही. नवा हिशेब लावून उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटाची जुनी चित्रं तपासली, तेव्हा निळ्या आणि हिरव्या पट्ट्यांत सुरुवातीच्या वर्षांमध्ये वाळूचा उजळपणा सरकताना दिसला. निर्मनुष्य, पाऊस जवळजवळ न पडणारं वाळवंट अशा रीतीने रंग बदलत नाही. चूक हिशेबात होती. २००७ मध्ये तो पुन्हा सुधारला गेला. म्हणजे १९८४ साली टिपलेल्या चित्राचा अर्थ तेवीस वर्षांनी बदलला, आणि तो बदलता आला याचं कारण मूळ कच्चे आकडे, दिव्यांच्या नोंदी, तापमानाच्या नोंदी हे सगळं कोणीतरी जपून ठेवलं होतं. मला या संपूर्ण कथेत सर्वांत मोलाचं तेच वाटतं.

साक्षीदारांचे साक्षीदार

दिव्यांच्या अनुभवानंतर बऱ्याच उपकरणांनी सूर्याचा आधार घेतला. सूर्याचा प्रकाश थेट डिटेक्टरांवर घेता येत नाही, म्हणून मध्ये एक पांढरा फलक ठेवतात आणि त्यावरून विखुरलेला प्रकाश उपकरणाला दाखवतात. त्याला डिफ्यूझर म्हणतात. सूर्यप्रकाश चांगलाच ओळखीचा आहे. वर्षभरात पृथ्वी-सूर्य अंतर बदलल्याने होणारा सुमारे सात टक्क्यांचा फरक काटेकोर काढता येतो. पण फलक अतिनील किरणांनी पिवळसर होत जातो, आणि ही झीज निळ्या रंगात आधी दिसते.

टेरा आणि ॲक्वा या उपग्रहांवरच्या मॉडिस उपकरणांत यासाठी आणखी एक छोटं यंत्र आहे. ते आळीपाळीने सूर्याकडे आणि फलकाकडे पाहतं आणि फलक किती मळला ते सांगतं. २००३ मध्ये टेरावरच्या फलकाच्या दारात बिघाड झाला आणि दार कायमचं उघडं ठेवावं लागलं. फलकावर ऊन कितीतरी जास्त पडू लागलं, आणि ॲक्वावरच्या जुळ्या फलकापेक्षा तो खूपच वेगाने झिजला. छोटं यंत्र नसतं, तर ही झीज पृथ्वीच्या नावावर जमा झाली असती. लँडसॅट ८ वर वेगळा उपाय आहे. तिथे दोन फलक आहेत. एक नेहमी वापरायचा, दुसरा झाकून ठेवायचा आणि क्वचितच उघडायचा. दोघांच्या आकड्यांत अंतर पडू लागलं की नेहमीच्या फलकाची झीज कळते.

मग चंद्र. त्याच्यावर हवा नाही, ढग नाहीत, पाणी नाही, झाडं नाहीत. त्याच्या पृष्ठभागाचा परावर्तन-गुणधर्म वर्षाला दहा कोटींत एका भागाहूनही कमी बदलतो असा अंदाज ह्यू किफर यांनी १९९७ मध्ये मांडला. माणसाने बनवलेला कोणताही दिवा किंवा फलक याच्या जवळपासही जात नाही. अर्थात चंद्राचा उजेड रोज बदलतो: कला बदलतात, अंतर बदलतं, आणि चंद्र किंचित डोलत असल्यामुळे आपल्याला दिसणारा भागही थोडा बदलतो. हे सगळं हिशेबात आणायला अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला खास दुर्बिणी उभारल्या, ३२ रंगपट्ट्यांत चंद्र कित्येक वर्षं मोजला, आणि किफर व टॉम स्टोन यांनी २००५ मध्ये त्याचं गणिती प्रारूप प्रसिद्ध केलं. कोणत्याही क्षणी, कोणत्याही कोनातून चंद्र किती उजळ दिसायला हवा, हे त्यातून निघतं.

सीविफ्स हे समुद्राचा रंग पाहणारं उपकरण घेऊन १९९७ मध्ये सुटलेला उपग्रह दर महिन्याला उलटा वळून चंद्र पाहायचा. समुद्राच्या कामात इतकी काळजी का, याचं उत्तर एका आकड्यात आहे. समुद्रावरून उपग्रहापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशात पाण्यातून आलेला वाटा दहा टक्के किंवा त्याहून कमी असतो, बाकीचा हवेतून विखुरलेला. त्यामुळे एकूण प्रकाशात अर्धा टक्का चूक झाली, तर पाण्याच्या वाट्यात ती पाच टक्के होते, आणि पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचा अंदाज चुकतो. एवढी अचूकता केवळ उपग्रहावरच्या साधनांनी मिळत नाही, म्हणून हवाईच्या लानाई बेटाजवळ मोबी नावाचा तरंगता मापक उभा आहे. तो पाण्यातला प्रकाश तिथेच मोजतो आणि उपग्रहाचा हिशेब त्याच्याशी जुळवला जातो.

चंद्राबद्दल एक गोष्ट नीट सांगायला हवी. उपकरण गेल्या वर्षीपेक्षा किती मंदावलं, हे चंद्र एक हजारात एका भागाइतक्या बारकाईने सांगू शकतो. पण मुळात किती वॅट, या प्रश्नात त्याच्या प्रारूपाची अनिश्चितता पाच ते दहा टक्के आहे, कारण चंद्र जमिनीवरून, वातावरणातून पाहून मोजला गेला. हा फरक कमी करायला नासाचं ईआर-२ विमान उपकरण घेऊन सुमारे २१ किलोमीटर उंचीवर जातं आणि बहुतेक हवा खाली सोडून चंद्र मोजतं.

जमिनीवरही साक्षीदार आहेत. अमेरिकेतली रेलरोड व्हॅली, फ्रान्समधलं ला क्रो, नामिबियातलं गोबाबेब आणि चीनमधलं बाओतोऊ इथली स्वयंचलित उपकरणं जमीन आणि हवा सतत मोजतात, आणि रॅडकॅलनेट या जाळ्यातून ते आकडे जगाला खुले आहेत. लिबिया ४ नावाचा वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश स्थिरतेसाठी जगभर वापरला जातो. उष्ण कटिबंधातले उत्तुंग वादळी ढगही कामी येतात, कारण त्यांच्या माथ्यावर धूळ आणि बाष्प फारसं उरत नाही.

स्थिर असणं आणि बरोबर असणं

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि गोंधळ इथेच सर्वांत जास्त होतो. सूर्याकडून पृथ्वीपर्यंत येणारी एकूण ऊर्जा हे याचं उत्तम उदाहरण. अनेक वर्षं पुस्तकांत प्रति चौरस मीटर सुमारे १३६६ वॅट हा आकडा छापला जात असे. २००३ मध्ये सोर्स उपग्रह सुटला आणि त्यावरचं टिम हे उपकरण १३६१ च्या आसपासचा आकडा देऊ लागलं. सूर्यडागांच्या अकरा वर्षांच्या चक्राबरोबर होणारा चढउतार जेमतेम ०.१ टक्का. तो जुन्या-नव्या सगळ्या उपकरणांनी सारखाच दाखवला होता. पण मूळ पातळीतच ०.३ टक्क्यांहून जास्त तफावत! शोध घेतला तेव्हा कारण उपकरणाच्या रचनेत सापडलं. जुन्या उपकरणांत काटेकोर मापाचं छिद्र आत होतं आणि पुढचं तोंड मोठं. जास्तीचा प्रकाश आत शिरून विखुरला जायचा आणि त्याचा काही भाग मोजला जायचा. टिममध्ये ते छिद्रच सर्वांत पुढे होतं. २०११ मध्ये हे स्पष्टीकरण प्रसिद्ध झालं.

उष्णतेच्या चित्रांतही असाच प्रसंग आला. अकरा मायक्रोमीटरच्या आसपास प्रारणात एक टक्का चूक झाली, तर तिशीच्या घरातल्या तापमानात सुमारे ०.७ अंशांची चूक होते. लँडसॅट ८ वरच्या टीआयआरएस उपकरणाजवळ स्वतःची कृष्णिका आणि रिकाम्या अवकाशाचं दृश्य, असे दोन्ही संदर्भ होते. तरी पाण्याचं तापमान तरंगत्या मापकांपेक्षा जास्त येऊ लागलं आणि चित्रांत पट्टे दिसू लागले. मग उपग्रह असा वळवला की चंद्र उपकरणाच्या नजरेच्या बाहेर, वेगवेगळ्या कोनांवर राहील. नजरेत चंद्र नसतानाही काही कोनांना त्याची भुतं डिटेक्टरांवर उमटली. बाजूचा प्रकाश आतल्या भागांवरून परतून आत येत होता. चित्रांसाठी गणिती दुरुस्ती तयार झाली, आणि २०२१ मध्ये सुटलेल्या लँडसॅट ९ च्या उपकरणात हा प्रकाश अडवणारे पडदेच बसवले.

पृथ्वीच्या ऊर्जेच्या जमाखर्चात तर हा प्रश्न फारच टोकदार होतो. येणारी ऊर्जा सरासरी ३४० वॅट प्रति चौरस मीटर, आणि परत न जाता इथेच राहणारी एक वॅटच्या आसपास. ही मोजणाऱ्या सेरेस उपकरणांची अनिश्चितता त्या एका वॅटहून मोठी आहे. म्हणून वर्षागणिक होणारा बदल सेरेसकडून घेतात आणि मूळ पातळी समुद्रात साठलेल्या उष्णतेवरून बसवतात. समुद्राचं तापमान अर्गो तरंगमापक खोलवर जाऊन मोजतात. यातून पुढे जायचं, तर प्रयोगशाळेतलं मानकच वर न्यावं लागेल. युरोपीय अवकाश संस्थेच्या ट्रुथ्स मोहिमेची कल्पना एनपीएलमधून आली ती याचसाठी: क्रायोजेनिक रेडिओमीटर उपग्रहावरच बसवायचा आणि बाकीच्या उपग्रहांनी आपलं माप त्याच्याशी ताडायचं.

लँडसॅटची चित्रं स्वतः उतरवून पाहणाऱ्यांनी सोबत येणारी मेटाडेटाची फाइल उघडून बघावी. प्रत्येक पट्ट्यासाठी तिच्यात एक गुणक आणि एक मिळवायचा आकडा दिलेला असतो. पिक्सेलच्या आकड्याला त्या गुणकाने गुणायचं, दुसरा आकडा मिळवायचा, की प्रारण किंवा परावर्तन हातात येतं. वर सांगितलेली सगळी खटपट त्या दोन आकड्यांत उतरलेली असते. वेगवेगळ्या वर्षांची तुलना करायची असेल, तर सगळी चित्रं एकाच कलेक्शनमधली, म्हणजे एकाच हिशेबाने तयार केलेल्या संचातली घ्या. पूर्वी उतरवून ठेवलेलं कलेक्शन १ मधलं एक चित्र आणि कलेक्शन २ मधलं दुसरं असं मिसळलं, तर दोन वेगळे हिशेब एकत्र होतात. आणि लँडसॅट ८ साठी परावर्तनाची अचूकता तीन टक्क्यांच्या आत असावी अशी अट होती, हे ध्यानात ठेवा. दोन वेगळ्या उपग्रहांची दोन चित्रं शेजारी ठेवून दोन टक्क्यांचा फरक दिसला, तर तेवढ्यावरून जमिनीबद्दल काहीच म्हणता येत नाही.